पुणे ते चिपी : २९० किलोमीटर, ९८ मिनिटं

हरितालिकेचा दिवस. पुणे-सिंधुदुर्ग फ्लाइट फुल्ल, सगळे गणपतीला गावी निघालेले. मी फ्लाइट डिस्पॅचर. मार्ग, इंधन, वजन, हवामान यांचा हिशेब मांडायचा आणि कॅप्टनच्या बरोबरीने त्यावर सही करायची, हे माझं काम.

पुण्याहून चिपी, म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ, सरळ रेषेत साधारण २९० किलोमीटर. आमचं पंख्यांचं छोटं विमान, एटीआर-७२, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणून लोक म्हणतात, पस्तीस मिनिटांत पोचायला हवं. वेळापत्रकात मात्र एक तास पाच मिनिटं असतात, कारण तो वेळ चाकांना अडवून ठेवणारे ठोकळे, म्हणजे चॉक्स, काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा. लढाऊ विमानांचा सराव चालू असला की आपण टॅक्सीवेवर उभे. शिवाय चढण्या-उतरण्यात जाणारा वेळ, आणि पावसाळ्यात समोरून येणारा नैर्ऋत्येचा वारा.

त्या दिवशी चिपीवर ढग खाली आलेले, सरीवर सर. पर्यायी विमानतळ गोव्यातलं मोपा, हवेतून जेमतेम ४५ किलोमीटर. नियमाप्रमाणे लागणारं इंधन होतं : चिपीपर्यंतचं, तिथून मोप्यापर्यंतचं आणि वर तीस मिनिटांचं राखीव. पण माझं माहेर कुडाळचं. ही सर मी लहानपणापासून पडवीत बसून बघितलीय. पंधरा-वीस मिनिटं कोसळते आणि उघडीप देते. मी वीस मिनिटांचं जादा इंधन मागितलं. सव्वादोनशे किलो. विमान २३ हजार किलोंच्या मर्यादेला टेकलेलं, म्हणजे पंधरा-पंधरा किलोंच्या पंधरा बॅगा खाली उतरवायच्या. कॅप्टननी आकडे बघितले आणि सही केली.

उतरवलेल्या सामानात सुतळीने बांधलेलं एक खोकं होतं. त्यावर मार्करने लिहिलेलं : 'माटवी'. म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळं-पानं बांधायची लाकडी चौकट. गेटवर सांगायला मीच गेले. खोकंवाले आजोबा चिडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"गो बाय, उद्या सकाळी गणपती बसतलो. माटवी कशी बांधूची?"

"आजोबा, रात्रीतून पोचवते," मी बोलून गेले. तसा अधिकार मला नव्हता.

टॅक्सीवेवरच अठरा मिनिटं गेली. चिपीला पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही, विमान पुन्हा वर गेलं. माझ्या स्क्रीनवर समुद्राच्या कडेने घिरट्या घालणाऱ्या विमानाचा एक लंबगोल उमटला, मग त्याच्यावरच दुसरा. चिपी विमानतळावरच्या आमच्या ऑफिसात फोन लावून ठेवला होता. पलीकडून पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. तो थांबला तेव्हा कुणी काही सांगायच्या आधीच मला कळलं. अठरा मिनिटांच्या होल्डिंगनंतर, म्हणजे घिरट्यांनंतर, विमान उतरलं. जादा इंधनातलं दोन मिनिटांचं उरलं होतं. ते नसतं तर सत्तरेक माणसं मोप्याला उतरून रात्री बांद्यामार्गे गाड्या शोधत बसली असती.

चॉक्स ते चॉक्स, ९८ मिनिटं. लॉगमध्ये भरलं आणि ड्यूटी मॅनेजरांच्या मागे लागले. साडेआठला टेम्पो निघाला, निपाणी-आंबोलीमार्गे. रात्रभर झोप नाही. आंबोली घाटात धुकं, ड्रायव्हरदादांचा फोन लागेना. पहाटे पाचला त्यांचाच आला, "मॅडम, सावंतवाडी सोडली. ते माटवीवालं खोकं पहिलं देऊ ना?"