आमची वाटचाल: निळ्या रंगाची एक मिलीची व्हायल

मी आधी मिरजेत एका मेडिकलमध्ये कामाला होतो, मग हळूहळू स्वतःची छोटी फर्म काढली. डोळ्यांच्या ऑपरेशनला लागणारा माल, म्हणजे ब्लेड, लेन्स, ड्रेप, व्हिस्को (ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात भरायचं जेल), असं सगळं. ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगाची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, त्यातलाच एक आयटम होती, बिलात लिहायची, पोचवायची, संपलं.

मग एकदा डोळ्यांच्या एका डॉक्टर मॅडमनी मला ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून बघायला सांगितलं. एका आजींचा मोतीबिंदू पार पिकून दुधासारखा पांढरा झालेला, अशा वेळी लेन्सवरची पिशवी दिसतच नाही, कारण ती पारदर्शक आणि मागे सगळं पांढरंच, मग गोल छेद घ्यायचा कुठे? मॅडमनी आधी हवेचा बुडबुडा सोडला, त्याखाली रंगाचे थेंब, थोड्या वेळाने धुऊन टाकलं आणि पिशवी निळी दिसायला लागली. ही पद्धत नेदरलँड्सच्या डॉ. मेलेस यांनी १९९९ मध्ये मांडली. व्हायलमध्ये रंग असतो ०.०६ टक्के, इतका कमी. नंतर चहा पिताना मॅडम म्हणाल्या, लॅबमध्ये मेलेल्या पेशी ओळखायला हाच रंग वापरतात, जिवंत पेशी त्याला आत घेतच नाही, म्हणून तर बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) आतल्या थराला तो सहसा धरत नाही. त्या थरात, एंडोथेलियममध्ये, मोठ्या माणसाच्या एका चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी असतात आणि गेलेली पेशी परत तयार होत नाही, फार गेल्या की बुबुळात पाणी भरतं, ते धूसर होतं. हे ऐकल्यावर मला ती व्हायल नुसता आयटम वाटेना.

पुढे एक सप्लायर खूप स्वस्तात माल देतो म्हणाला. चौकशी केली तर लॅबची पावडर, गाळून भरलेली, निर्जंतुकतेचा कागद नाही, पीएच किती, क्षारांचं प्रमाण डोळ्याच्या आतल्या द्रवाच्या जवळपास आहे का, कशाचंच उत्तर नाही. नाव तेच ट्रायपॅन ब्लू, पण लॅबच्या काचेवर चालतं ते डोळ्यात चालेलच असं नाही ना! मी नाही म्हटलं आणि एक मोठं गिऱ्हाईक गेलं, वर्षभर हात तंग होता, पण तो निर्णय बरोबरच होता.

पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनचे डॉक्टर जोडले गेले तेव्हा आणखी शिकलो. पडद्यावरची दोन-तीन मायक्रॉनची पारदर्शक झिल्ली सोलायला पूर्वी इन्डोसायनीन ग्रीन हा हिरवा रंग बराच वापरायचे, रंग छान धरायचा, पण जास्त तीव्रतेचा रंग, पाण्यासारखं पातळ द्रावण आणि वरून प्रखर लाइट असं एकत्र आलं की पडद्याखालच्या पेशी दुखावतात असे रिपोर्ट यायला लागले. २००६ मध्ये जपानमधून ब्रिलियंट ब्लू या दुसऱ्या निळ्या रंगाचं काम पुढे आलं आणि आमच्याकडची मागणी हळूहळू तिकडे वळली. आम्ही ग्रीनचा साठा ठेवणं बंद केलं.

सगळ्यात कठीण दिवस वेगळाच. एका हॉस्पिटलमधून सिस्टरचा रात्री फोन, कालच्या तीन पेशंटची बुबुळं धूसर, जंतूंची लक्षणं नाहीत. टास म्हणतात त्याला, जंतूंशिवाय होणारा डोळ्याच्या आतला दाह, १२ ते ४८ तासांत दिसतो, डोळ्यात काहीतरी न मानवणारं गेलं की होतो, आणि त्यात रंगाचाही संशय येतोच. आम्ही प्रत्येक बिलावर बॅच नंबर लिहितो म्हणून रात्रीच कळलं की ती बॅच आणखी कुठे कुठे गेलीय, पाचही ठिकाणी फोन केले, वापरू नका, आणि सकाळी मी स्वतः गाडी घेऊन व्हायली गोळा केल्या. नंतर कारण सापडलं, कॅन्युला, म्हणजे डोळ्यात द्रव सोडायची बारीक नळी, नीट न धुतल्याने आत साबणाचा अंश राहिला होता. स्टिरॉइडच्या थेंबांनी तिघंही बरे झाले. त्या सिस्टर अजूनही माल उतरवून घेताना आधी बॅच नंबर मोठ्याने वाचतात, मी माझ्या वहीत टिक करतो, मगच खोकं आत जातं.