रिसीव्हर असताना प्रीअँप कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय काढणं मी सोडलंय. रविवारी मिसळ खाऊन घरी येणारा प्रत्येक जण टीव्हीखालचं कपाट न्याहाळतो आणि म्हणतो, "एवढा रिसीव्हर आहे, मग मध्ये हा डबा कशाला?" मेहुण्याने तर त्याचं नाव 'लग्नात दुसरा भटजी' ठेवलंय.

रिसीव्हर म्हणजे सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा. प्रीअँप म्हणजे काय ऐकायचं ते निवडणारा आणि आवाज कमी-जास्त करणारा, आणि पॉवर अँप त्या सिग्नलला स्पीकर हलवण्याची ताकद देतो. जोडणी साधी आहे. रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आऊटमधून (पुढच्या स्पीकरचा कच्चा सिग्नल बाहेर देणारी भोकं) दोन वायरी प्रीअँपच्या एचटी बायपासला (होम थिएटरचा सिग्नल व्हॉल्यूम न लावता तसाच पुढे सोडणारं इनपुट), तिथून पॉवर अँपला, तिथून पुढच्या दोन स्पीकरना. सेंटर, सराउंड, सबवूफर (खर्जाचा स्पीकर) रिसीव्हरकडेच. सिनेमा लावला की प्रीअँपचं व्हॉल्यूम बाजूला पडतं, आवाज रिसीव्हरच्या रिमोटवर. गाणी ऐकताना रिसीव्हर बंद. संपलं.

"आवाजात फरक पडतो का?" पडतो. म्हणजे, पडतो असं मी ठणकावून सांगायचो. बरेच रिसीव्हर बाहेरून आलेला अ‍ॅनालॉग सिग्नल आधी डिजिटल करतात आणि मग पुन्हा अ‍ॅनालॉग, हे खरंच आहे. पण रिसीव्हरचा डायरेक्ट मोड (आवाजावरची प्रक्रिया टाळणारा) लावला की सहसा तेही टळतं, हे मी तेव्हा सोयीने गाळायचो. मुलीने एकदा दोन्हीकडचा आवाज सारखा करून, मला पाठमोरं बसवून अदलाबदल केली. कधी ओळखलं, कधी नाही. ती म्हणते, अंदाजपंचे. मी म्हणतो, तू ख्याल सोडून सगळं लावत होतीस.

पण माझ्या डोक्यात राग बसलाय तो त्या हमिंगचा. प्रीअँप आणि पॉवर अँप जोडले त्याच संध्याकाळी स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. गाणं थांबलं की खोलीभर तेच. सगळ्या घराने निकाल दिला: आधी नव्हतं, आता आहे, म्हणजे दोष नव्या डब्याचा. दुकानातून माणूस आला, त्याने मागे हात घातला आणि पॉवर अँपचा प्लग अर्थिंग नसलेल्या टू-पिन अडॅप्टरमध्ये खोचला. हमिंग क्षणात बंद! बायको म्हणाली, "झालं की." तो म्हणाला, "साहेब, सगळीकडे असंच करतो आम्ही."

मी नाशिकच्या अंबडला इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कारखान्यात आयुष्य काढलंय. लोखंडी पेटी, आत 230 व्होल्ट, आणि अर्थिंग तोडून टाकायचं? आतली एक वायर सुटून पत्र्याला टेकली तर तो पत्रा जिवंत, आणि नॉबला हात लावणारी माझी आई. मी अडॅप्टर काढला. घूं परत. तो माणूस वैतागून गेला आणि घरातले माझ्याकडे असे बघायला लागले, की मला ते घूंच हवंय.

मग एकेक वायर उपटत बसलो. शेवटी सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची कोअ‍ॅक्सिअल वायर सोडवली आणि खोली शांत झाली. ती वायर बाहेर कुठेतरी तिच्या जागेवर अर्थ झालेली, आणि पॉवर अँप आमच्या घराच्या अर्थिंगवर. रिसीव्हर टू-पिनचा होता, म्हणून तोवर ही दोन टोकं कधी जोडलीच गेली नव्हती. नवा अँप आला आणि दोन अर्थिंगमधला 50 हर्ट्झचा फेरा रिसीव्हर-प्रीअँपमधल्या आरसीए वायरींच्या बाहेरच्या जाळीतून पूर्ण झाला. त्या कोअ‍ॅक्सिअलमध्ये छोटासा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण अर्थिंगची सलग जोडणी तोडणारा तुकडा) बसवला, थ्री-पिन जागच्या जागी, हमिंग गेलं. (डिशवाल्यांनी मात्र तो डोळे मिटून लावू नये. डिशच्या एलएनबीला, म्हणजे डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, त्याच वायरीतून वीज जाते, साधा आयसोलेटर ती अडवतो.) अजूनही घरात ही गोष्ट 'प्रीअँपने केलेला घोळ' म्हणूनच सांगितली जाते.

तर मग कशाला? आईला अभंग ऐकायचे असले की ती एक बटण दाबते, एक नॉब फिरवते. टीव्ही नाही, मेनू नाही. हे कारण मेहुण्याला पटतं, पण "यासाठी एवढे पैसे?" हा पुढचा प्रश्न तयार असतो. शिवाय 2014 ला अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा सराउंड) घरात आलं, 2017 ला एचडीएमआय 2.1 (टीव्ही-रिसीव्हर जोडणीची नवी आवृत्ती), दर काही वर्षांनी रिसीव्हर म्हातारा होतो, प्रीअँपला त्यातलं काहीच लागत नाही. यावर मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही रिसीव्हर तरी कुठे बदललात?

तिचा खरा आक्षेप वेगळाच आहे. गाण्याच्या वेळी सबवूफर मुका असतो, कारण तो रिसीव्हरवर. प्रीअँपच्या दुसऱ्या आऊटपुटमधून सबला वायर ओढता येईल, पण फ्रंट स्पीकर मी रिसीव्हरमध्ये 'लार्ज'वर ठेवलेत, म्हणजे खर्जही त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे सिनेमात तोच खर्ज दोन वाटांनी येईल. ती म्हणते, 'स्मॉल' करा, 80 हर्ट्झला कापा, म्हणजे सिनेमात त्याखालचा खर्ज फक्त सबकडे. मी अजून केलेलं नाही.