काउंटरवर सांगितलेले दहा आकडे

चवथीच्या आधी म्हापशात किंवा फोंड्यात मिक्सर घेतला, बिलावर मोबाइल नंबर घातला, लकी ड्रॉचं कूपन भरलं. दोन दिवसांत फेसबुकवर त्याच दुकानाची जाहिरात. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: फोन आपलं बोलणं ऐकतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 17 हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. मायक्रोफोनची परवानगी काढून टाकली तरी जाहिराती येतच राहतात. कारण माग बहुतेक वेळा त्या नंबरावरून लागतो.

दुकानाकडे ग्राहकांची एक्सेलमधली यादी असते. ती फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या ‘कस्टम ऑडियन्स’मध्ये, म्हणजे यादीतल्याच लोकांना जाहिरात दाखवायच्या सोयीत, चढवली की प्रत्येक नंबराच्या आधी 91 लागतात आणि त्याचा एसएचए-256 या पद्धतीने 64 अक्षरांचा हॅश, म्हणजे मूळ नंबर थेट वाचता येणार नाही असा सांकेतिक मजकूर, तयार होतो. मेटाही आपल्या खातेदारांच्या नंबरांचे तसेच हॅश काढते. दोन्ही जुळले की तुम्ही सापडलात. ‘नंबर हॅश करूनच जातो, काळजी नको’ हे यावरचं नेहमीचं उत्तर मला मुळीच पटत नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर 6 ते 9 या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त 400 कोटी. तेवढ्यांचे हॅश काढायला संगणकातल्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला मिनिटभरही लागत नाही; मग हॅश जुळवून मूळ नंबर ओळखता येतो.

खात्याच्या सुरक्षेसाठी दिलेला नंबरही सुटलेला नाही. टू-फॅक्टरसाठी, म्हणजे पासवर्डासोबत दुसरा कोड मागणाऱ्या सुरक्षेसाठी, घेतलेले नंबर फेसबुकने जाहिरातींसाठी वापरले होते. 2019 मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहकांचं हित पाहणारा सरकारी आयोग) कंपनीला जो 5 अब्ज डॉलरचा दंड केला, त्यासोबतच्या आदेशात या वापरावर बंदी घातली गेली. तेव्हा टू-फॅक्टर लावाच, पण एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) वापरा.

आता प्रत्यक्ष तपासणी. जाहिरातीवरच्या तीन टिंबांवर दाबून ‘व्हाय ॲम आय सीइंग धिस ॲड’ उघडा. जाहिरातदाराने यादी वापरली असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं. मग फेसबुकच्या सेटिंगांतल्या अकाउंट्स सेंटरमधल्या ‘ॲड प्रेफरन्सेस’मध्ये ‘ऑडियन्स-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग’ शोधा. तुमचा नंबर किंवा ईमेल ज्यांच्या यादीत होता, त्यांची नावं तिथे एकाखाली एक दिसतात. प्रत्येक नाव उघडून यादीवरून जाहिरात दाखवायला मनाई करावी लागते. काम कंटाळवाणं आहे, तरी एकदा बसून कराच. सेटिंगांच्या जागा अधूनमधून हलतात. सापडलं नाही तर वरच्या शोधपट्टीत नाव टाका.

इतर वेबसाइट आणि ॲपकडून मेटाकडे येणारी माहिती वेगळी. ती अकाउंट्स सेंटरमध्येच ‘युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’खाली ‘युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’मध्ये असते. इथे बरेच जण फसतात: ‘क्लिअर’ दाबून मोकळे होतात. त्याने फक्त मागचं सुटतं, उद्यापासून पुन्हा जमा होऊ लागतं. ‘डिस्कनेक्ट फ्यूचर ॲक्टिव्हिटी’ निवडलं तरच पुढचं तुमच्या खात्याशी जोडलं जात नाही. मात्र त्याने ‘लॉग इन विथ फेसबुक’ बंद पडतं. म्हणून ज्या ॲपमध्ये तसं शिरता, तिथे आधी ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या. जाहिरातींची संख्या यामुळे कमी होणार नाही, हेही लक्षात असू द्या.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या गूगलच्या भागात ‘ॲड्स’ उघडून ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ करा; हा आयडी म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक. आयफोनवर ‘ट्रॅकिंग’मध्ये ‘अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक’ बंद करा. ही सोय 2021 मध्ये आयओएस 14.5 सोबत आली.

आणि काउंटरवर सरळ ‘नंबर देणार नाही’ म्हणा. ग्राहकाकडे मोबाइल नंबरासाठी हट्ट धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना दिली आहे. बिल नंबराशिवाय होतं. वॉरंटीसाठी बिलाची प्रत जपून ठेवा. कूपन मात्र नंबराशिवाय घेणार नाहीत, तेव्हा ते सोडून द्यायची तयारी हवी.

शेवटची वाट घरातून जाते. तुम्ही कुठेच नंबर दिला नाही, पण मावशीच्या फोनवर कॉन्टॅक्ट अपलोड चालू असेल, तर तुमचा नंबर तुमच्या नावासकट तिथून मेटाकडे पोचतो. ‘युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’मध्येच ‘अपलोड कॉन्टॅक्ट्स’ आहे; घरातल्या प्रत्येक फोनवर ते बंद करा आणि आधी चढवलेली यादी ‘मॅनेज कॉन्टॅक्ट्स’मधून पुसून टाका.