आमची वाटचाल : चिंध्यांपासून गाळ्यापर्यंत

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला 'ए' ग्रेड होती, हे मी लग्नानंतर अकरा वर्षं कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगून उपयोग काय? दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी, डबे. रंगाच्या बाटल्या माळ्यावर वाळून दगड झाल्या. २००६ साली धाकटीसाठी जुन्या झबल्यांचं दुपटं शिवायला घेतलं. निळ्याशेजारी हळदी तुकडा ठेवला, मग तो काढून विटकरी ठेवला, आणि बघते तर रात्रीचा दीड वाजलेला. चित्रच काढत होते मी. कुंचल्याऐवजी सुई, एवढाच फरक.

सासूबाई म्हणाल्या, "चिंध्यांना कोण पैसे देतं गं?" पुढे एका मासिकात जी'ज बेंडच्या गोधड्यांचे फोटो दिसले. अमेरिकेतल्या अलाबामामधलं ते कृष्णवर्णीयांचं गाव. शेतात घालून विटलेल्या विजारी फाडून तिथल्या बायकांनी गोधड्या शिवल्या आणि २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. मी फोटो सासूबाईंपुढे धरला. "ही तर माझ्या आईची वाकळ," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून तीन नऊवारी काढून दिल्या.

२०१० मध्ये पुण्याच्या धनकवडीत गाळा घेतला. आम्ही तिघी होतो. आराखडे माझे, हिशेब आणि गिऱ्हाईक बघायला एक मैत्रीण, आणि टाक्याला मावशी. मावशी सातारा भागातल्या. कडेने सुरुवात करून आत आत येणारा धावदोरा त्या असा घालतात, की चारही कोपऱ्यांत एकसुद्धा चुणी येत नाही. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान पितळेचंच लागतं, प्लॅस्टिकचं दिलं तर ठेवून देतात. भिंतीवरच्या कामांसाठी मी मशीनचे कापड सरकवणारे दाते खाली पाडून हवा तसा फिरणारा मोकळा टाका घालते, पण अंगावर घ्यायच्या गोधडीला हातच हवा. आणि जुन्या सुती साडीला पॉलिएस्टरचा दोरा लावू नका. दोरा टिकतो, साडी कापली जाते. आठ-दहा तास मशीन चाललं की सुई बदला. दहा रुपये वाचवायच्या नादात हजाराचं कापड ओढलं जातं.

मग आलं २०१५. एका हॉटेलची छत्तीस गोधड्यांची ऑर्डर आली, नगाला २,८०० रुपये, आगाऊ चाळीस हजार. पांढऱ्या मांजरपाटावर लाल चौकटी. लाल कापड मैत्रिणीने कुठूनसं किलोवर आणलं, स्वस्त मिळालं म्हणून. ते मी आणलं नव्हतं. पण न धुता मीच कापलं. तारीख गाठायची होती, मुलाची दहावी होती, रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघायला दोन मिनिटं लागतात, ती मी काढली नाहीत. हॉटेलवाल्यांनी पहिल्याच धुलाईत गरम पाणी वापरलं. छत्तीसच्या छत्तीस गुलाबी. तो रंगही एकसारखा नाही, घडीच्या रेघांवर गडद आणि मध्ये डाग.

माल परत आला, आगाऊ रक्कम परत द्यावी लागली. बायकांची मजुरी द्यायचीच होती, मंगळसूत्र गहाण पडलं. हे सगळं सोसलं असतं. पण महिन्याभरात मैत्रीण हिशेबाच्या वह्या माझ्या टेबलावर ठेवून गेली, आणि बटर पेपरवरचे माझे चौदा आराखडे घेऊन गेली. मग तिने मोठ्या रस्त्यावर दुकान टाकलं. आमच्या गुलाबी गोधड्यांचे फोटो बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले. ते कुणी काढले होते, हे मला विचारू नका. गाळ्यात कॅमेऱ्याचा फोन दोघींकडेच होता. तिच्याकडे आज ठिगळांचं नुसतं छापील कापड मिळतं, आत फायबर, वर मशीनची शिलाई, आणि पाटी 'पारंपरिक हस्तकला'. गोधडी उलटी करून बघावी एवढं गिऱ्हाइकाला सुचत नाही, त्याला मी काय करू?

गाळा बंद करायचं ठरलंच होतं. तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या बाई आल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या यजमानांच्या सदऱ्यांची गोधडी मी आधी शिवली होती. एका सदऱ्याचा खिसा तसाच ठेवला होता, त्यात त्या चष्मा ठेवतात. त्यांनी पिशवीतून तीस हजार काढले. "व्याज नको. चार गोधड्या दे, जमेल तशा." पावती द्यायला गेले तर म्हणाल्या, "आधी ती सुई उचल, पायात जाईल."

पुढची वर्षं बरी गेली. टाळेबंदीत मास्क शिवले, सगळ्यांनीच शिवले. मंगळसूत्र सोडवलं. आता आठजणी आहोत, मुलगी आराखडे संगणकावर काढते, मला ते पटत नाही पण चालतं. मैत्रीण असो वा बहीण, भागीदारी कागदावर करा.

बाईंची दहावी गोधडी आता हातात आहे. परवा त्या स्वतःची लाल इरकल घेऊन आल्या, नातीसाठी. बादलीत भिजत घातली आहे. आज सकाळी चौथ्यांदा पाणी बदललं. अजून गुलाबीच येतंय.