आज आईला 'पाचोळा' वाचून दाखवली

एरवी मी रात्री सगळे झोपल्यावर वाचते. आज दुपारी लाईट गेली म्हणून पुस्तक घेऊन ओसरीवर आले. आई सुपात तूर निवडत बसलेली. म्हणाली, "मोठ्यानं वाच की, मलाबी कळू दे."

रा. रं. बोराडे यांची ही कादंबरी १९७१ ची. लेखक लातूरकडचे, म्हणून बोली आपल्या घरातली. खेड्यातल्या शिंप्याचं घर कसं मोडत जातं, ते त्याची बायको सांगते. कॉलेजात असताना परीक्षेपुरती वाचली होती, तेव्हा भाषा जड गेली होती. आज कळलं, ही भाषा कानानं वाचायची आहे. आईला एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. २०-२२ पानं झाली असतील, बघते तर तिचा हात सुपात तसाच थांबलेला.

"बाईच्या मनातलं ह्या माणसाला कसं काय उमगलं गं?"

या पुस्तकाबद्दल मला जे कधी नीट मांडता आलं नाही, ते आई एका वाक्यात बोलून गेली.

४ वाजता लाईट आली. मी पुस्तक मिटायला लागले, तर म्हणाली, "खूण घालून ठेव. उद्या तूर नाही घेत, नुसतं ऐकते."