द्राक्षमळ्यातले यजमान

इंदूरच्या मराठी घरांमध्ये नवऱ्याचा उल्लेख ‘आमचे यजमान’ असा करणाऱ्या बायकांची शेवटची पिढी बहुधा माझीच असावी. रामबागेतल्या जुन्या शेजारणी तसाच करीत आणि त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तो शब्द माझ्याही जिभेवर बसला. एरवी त्याची अडचण होत नाही. गेल्या फेब्रुवारीत मात्र आम्ही नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात दोन रात्री मुक्काम केला, आणि ज्यांच्या घरी उतरलो तेही यजमानच असल्यामुळे परत आल्यावर मैत्रिणींना हकीकत सांगताना दर दोन वाक्यांनी ‘म्हणजे कुठले यजमान?’ असा प्रश्न येऊ लागला. म्हणून येथे मी मळ्याच्या मालकांना ‘भाऊ’ म्हणते. मळ्यावर सगळे त्यांना भाऊच म्हणत होते.

निमित्त नाशिकमधल्या एका मुंजीचे होते. मुंज आटोपल्यावर लगेच परत फिरण्याऐवजी दोन दिवस वाईनच्या प्रदेशात राहा, असा आग्रह मुलीने धरला आणि आम्ही हो-नाही करीत असतानाच तिने खोली ठरवूनही टाकली. मोठ्या वायनरींची स्वतःची सुरेख विश्रामस्थाने आहेत, पण तिने निवडले ते गंगापूर धरणाच्या पलीकडे, गिरणाऱ्याच्या बाजूला असलेले एका शेतकऱ्याचे घर, ज्याच्या फाटकावर ‘निवास व न्याहारी’ अशी पाटी होती. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या योजनेचे हे नाव मला फार आवडले. इंग्रजीत पलंग आणि नाश्ता एवढेच सांगितले जाते. ‘न्याहारी’ म्हटले की मात्र चुलीजवळ बसलेले कोणीतरी माणूस डोळ्यांपुढे येते.

इंदूरहून नाशिकचा रस्ता सुमारे चारशे किलोमीटरांचा आहे. खलघाटला नर्मदेचे दर्शन घ्यायचे, सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरायचा आणि धुळे, मालेगाव करीत चांदवडला थांबायचे, हा आमच्या घराण्याचा ठरलेला क्रम आहे. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, आणि इंदूरच्या माणसाला तेथे पोहोचल्यावर आपण परमुलखात नाही, असे उगाचच वाटते. मुंजीबद्दल काही लिहीत नाही. मुंजी सगळ्या सारख्याच असतात.

मळ्यावरचे घर जुने, कौलारू, आणि त्याला लागून मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी नव्याने बांधलेल्या दोन खोल्या. आमच्या खोलीचे दार उघडले की फरशीची चिंचोळी पडवी आणि पडवीपासून दहा पावलांवर द्राक्षांची पहिली ओळ. खोलीत दूरदर्शन संच नव्हता. भिंतीवर ज्येष्ठ नागरिकांना वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत एकच सूचना होती की रात्री दहानंतर एकट्याने मळ्यात जाऊ नये, कारण बिबट्या येतो. मी वहिनींना, म्हणजे भाऊंच्या पत्नीला, विचारले तेव्हा त्या अगदी सहजपणे म्हणाल्या, ‘येतो हो, पण आमच्याकडं नाही, कुत्र्याकडं येतो.’ कुत्रा समोरच पाय ताणून झोपला होता.

पहिल्या संध्याकाळी मला जी अस्वस्थता वाटली, ती हॉटेलात कधी वाटत नाही. चहाची कपबशी रिकामी झाल्यावर ती तेथेच ठेवावी की उचलून स्वयंपाकघरात नेऊन द्यावी? वहिनी एकट्या भाकरी थापत असताना आपण पडवीत पाय पसरून बसावे का? पैसे मोजले आहेत, तेव्हा बसावे. पण ओट्यावर बसलेल्या त्यांच्या सासूबाई ‘तुमचं माहेर कुठलं?’ असे विचारू लागल्यावर पैसे मोजल्याचे भान राहणार कसे? शेवटी मी कपबशी उचलली आणि वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली. दोघींनाही जरा संकोच वाटला.

त्याच रात्री मला माझ्या आजीची आठवण झाली. श्राद्धकर्मासाठी ती इंदूरहून नाशिकला आली, की पंचवटीत आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात उतरत असे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. कोण कधी आले, कोणाचा मुलगा कोण, हे सारे त्या वह्यांमध्ये नोंदलेले असते. उपाध्याय जागा देत, त्यांच्या घरातून जेवण येई, आणि निघताना दक्षिणा द्यायची. गंमत अशी की त्या व्यवहारात ‘यजमान’ म्हणजे उतरून घेणारा नव्हे, तर उतरणारा. जो धर्मकृत्य करवून घेतो आणि दक्षिणा देतो तो. म्हणजे निवास आणि न्याहारीचा धंदा नाशिकला वाईनबरोबर आला, असे म्हणण्यात काही अर्थ नाही. पैसे देऊन परक्याच्या घरी पाहुणा होण्याची विद्या या गावाला पिढ्यान् पिढ्या येते. बदलले एवढेच की तेव्हा पैसे देणारा यजमान असे आणि आता घेणारा.

हे विचार मला रात्री दीड वाजता सुचत होते, याचे कारण असे की दीड वाजता आमच्या खिडकीखाली विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता. पण भिंतीतून, पलंगाच्या पायांमधून आणि उशीतून येणारी ती एकसुरी घरघर पहाटे पाचपर्यंत थांबली नाही. सकाळी मी तक्रार केली, तेव्हा भाऊ खरोखर ओशाळले. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. ‘काकू, लाईट आली की ऑटो स्टार्टरवर मोटार सुरू होते, ठिबकला पाणी द्यावंच लागतं,’ असे ते म्हणाले. त्यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही. खोली विहिरीच्या अंगाला बांधायला नको होती, असे माझे मत मात्र आजही कायम आहे.

जागरणाचा एक फायदा झाला. सव्वापाचला पिकअपचा दिवा फाटकातून आत आला आणि पेठ-सुरगाण्याकडून आलेले वीस-बावीस मजूर उतरले. त्या दिवशी वाईनच्या द्राक्षांची तोडणी होती. ऊन चढण्याआधी माल उतरवायचा असतो, कारण तापलेली द्राक्षे कॅरेटमध्येच फुटून आंबू लागतात. घरचे यजमान आणि मी शाली गुंडाळून ओळींमध्ये उभे राहिलो. दिवसा अंगाला चटके बसवणारी हवा त्या वेळी बोचत होती. नाशिकच्या द्राक्षांना जो गोडवा आणि आंबटपणा एकत्र लाभतो, त्यामागे दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील ही तफावतच आहे, असे भाऊंनी सांगितले.

आम्हांला द्राक्ष म्हणजे थॉमसन किंवा सोनाका ठाऊक. लांबट, बिनबियांचे, पिवळसर हिरवे. ही शिराज नावाची जात पाहून प्रथमदर्शनी निराशाच झाली. मणी करवंदाएवढे, काळे, जाड सालीचे आणि आत बिया. भाऊंनी एक मणी माझ्या तळहातावर चिरडला. रस पाण्यासारखा स्वच्छ निघाला, पण साल बोटांना घासली तेथे जांभळा डाग उमटला आणि तो इंदूरला पोहोचेपर्यंत गेला नाही. तांबड्या वाईनचा रंग रसात नसतो, सालीत असतो. म्हणून ती सालीसकट आंबवतात, आणि पांढऱ्या वाईनसाठी रस आधी दाबून वेगळा काढतात. इतकी साधी गोष्ट मला साठाव्या वर्षी तळहातावर कळली.

नंतर त्यांनी खिशातून फाउंटन पेनाहून थोडी जाड अशी एक नळी काढली. तिच्या तिरप्या काचेवर रसाचे दोन थेंब सोडले, वरची झडप मिटली आणि मला उगवत्या सूर्याकडे तोंड करून आत पाहायला सांगितले. आत एक मोजपट्टी होती. तिचा वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोहोंमधली रेघ तेविसाच्या किंचित खाली थांबलेली. हा ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचा अंश. खाण्याच्या द्राक्षाला अठरा पुरतो. वाईनला अधिक साखर लागते, कारण तिच्यातून मद्यार्क तयार होतो. तोडणीचा दिवस वायनरी ठरवते, भाऊ नव्हे. आदल्या वर्षी गाडी तीन दिवस उशिरा आली आणि तेवढ्यात मणी सुरकुतून वजन घटले, हे सांगताना त्यांनी त्या वायनरीचे नाव घेतले नाही, म्हणून मीही विचारले नाही.

वेलीला येथे झोप नाही, हे त्यांचे वाक्य माझ्या लक्षात राहिले. युरोपात हिवाळ्यात वेल पाने गाळून निजते आणि फळ शरदात येते. आपल्याकडे तशी थंडी नसल्यामुळे वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून नवी काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिच्यातून घड येतात. म्हणूनच नाशिकचा हंगाम जानेवारी ते मार्च असा उलटा पडतो. (रात्रभर मोटार ऐकलेल्या मला त्या वेलींविषयी विशेष सहानुभूती वाटली.)

भाऊंच्या वडिलांनी वाईनच्या जाती लावल्या त्या 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यानंतर. त्याच सुमारास परिसरात वायनरी उभ्या राहू लागल्या होत्या. ‘सुला’ची पहिली वाईन 2000 सालची, आणि ते नाव संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या सुलभा या नावावरून आले आहे. सगळेच वाईनमागे धावले, आणि 2008 नंतरच्या मंदीत माल पडून राहू लागल्यावर अनेकांनी वेली उपटल्या. भाऊंच्या वडिलांनीही एक एकर उपटला. त्या मोकळ्या झालेल्या तुकड्याच्या कडेलाच आमची खोली आहे, हे त्यांनी हसत सांगितले, पण ओट्यावरच्या आजी हसल्या नाहीत.

दुपारी आम्ही जवळच्या एका मोठ्या वायनरीत चव घेण्याच्या कार्यक्रमाला गेलो. पेला कसा धरावा, कसा फिरवावा आणि न आवडल्यास कोठे ओतावे, हे एका मुलीने अतिशय आदबीने शिकवले. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन मला थंडगार, फळांच्या सरबतासारखी वाटली. तांबड्या शिराजच्या पहिल्या घोटाला टाळू आवळली आणि मला एकदम लहानपणीचे द्राक्षासव आठवले. आमच्या घरात दारूचे नाव काढायची चोरी होती, पण अशक्तपणावर तेच द्राक्षासव चमच्याने पाजले जाई आणि त्यात आंबवण्यातून मद्यार्क तयार झालेला असतो, हे कोणी बोलत नसे. 2022 मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्रात जेव्हा एवढा गदारोळ उठला, तेव्हाही मला माझ्या आजीची ती द्राक्षासवाची बाटलीच आठवली होती. घरचे यजमान एका पेल्यानंतर थांबले आणि मळ्यातला मणी अधिक चांगला लागतो, असा निकाल त्यांनी दिला. बाटली आम्ही घेतली नाही. राज्याची सीमा ओलांडली की अबकारीचे नियम बदलतात, आणि बिजासनच्या नाक्यावर खुलासे देत उभे राहण्याची आमची हौस नाही.

आता न्याहारीबद्दल. पहिल्या दिवशी आम्हांला पाव, लोणी, आम्लेट आणि दुधात घालायचे मक्याचे पोहे मिळाले. भाऊंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे मत असे होते की शहरातील पाहुण्यांना हेच लागते. आम्ही ते निमूटपणे खाल्ले. पण पलीकडे आजी काल रात्रीची बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खात होत्या आणि घरचे यजमान पावाचा तुकडा हातात धरून त्या वाटीकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर वहिनींनी टिपली. दुसऱ्या दिवशी ताटात शिळी भाकरी, घट्ट दही, खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लोण्याचा गोळा आला. त्याबरोबर वहिनींनी पोहेही केले होते, कारण इंदूरची माणसे म्हणजे पोहे, एवढे त्यांनाही ठाऊक होते. पोहे कढईत परतलेले, हळद आणि शेंगदाणे घातलेले, म्हणजे आमच्याकडचे वाफवलेले, बडीशेपेचे पोहे नव्हेत. मी पिशवीतून जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी आणि शेव काढली आणि स्वयंपाकघरात गेले. या वेळी मला कोणी अडवले नाही. पुडीतले जिरावण आधी आजींनी चाखले, मग सगळ्यांनी; आणि आदल्या दिवशी जो मुलगा आम्हांला पाव देत होता, त्याने दोनदा पोहे घेतले.

निघताना वहिनींनी मला हळदीकुंकू लावून ओटी भरली. खण, तांदूळ, सुपारी, आणि नारळाच्या जागी घरच्या थॉमसनचा एक घड. तो पदर सावरीत मी बाहेर आले, तेव्हा पडवीत भाऊ पावतीपुस्तक उघडून बसले होते आणि आमचे यजमान फोनवरून पैसे पाठवण्याच्या तयारीत उभे होते. एका हाताने ओटी धरलेली आणि समोर पावती, असा प्रसंग माझ्यावर पूर्वी आलेला नव्हता. भाऊंनी ‘श्री.’च्या पुढे नाव घातले, रकमेची जागा मोकळी ठेवली, आणि ‘बद्दल’ या छापील शब्दाच्या आधी सावकाश ‘न्याहारी’ असे लिहिले. मग पेन थांबले.

‘काकू,’ त्यांनी विचारले, ‘मोटारीच्या रात्रीचा निवास धरू, का सोडून देऊ?’

दोन्ही यजमान माझ्याकडे पाहू लागले.