फिक्स्ड व्याजदर: नेमकं काय फिक्स आहे?

'हप्ता बदलणार नाही' याची ओढ का वाटते ते २०२२ साली कळलं. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो रेपो दर, मेच्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी नुकतंच घेतलेलं ३० लाखांचं फ्लोटिंग, म्हणजे रेपोसारख्या दरांबरोबर व्याज बदलणारं, गृहकर्ज धरा. हप्ता साधारण २३,२६० रुपये. दर साडेनऊ झाला की ३० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच २३,७५०! मग मुदत कितीही वाढवा, मुद्दल फिटायचं सोडून वाढत जातं. हप्ता २७,९६० च्या आसपास न्यावाच लागतो.

म्हणून लगेच फिक्स्डकडे धावू नका. आधी मंजुरीपत्रातलं रीसेटचं, म्हणजे दर नव्याने ठरवण्याचं, कलम वाचा. बरीच 'फिक्स्ड' गृहकर्जं पहिली दोन, तीन किंवा पाच वर्षंच स्थिर असतात, पुढे फ्लोटिंग होतात. काहींत तर बाजाराची परिस्थिती बदलल्यास दर बदलण्याचा हक्क बँक स्वतःकडे ठेवते. असला दर फिक्स्ड म्हणायचा तरी कशाला? दुसरी मेख मुदतपूर्व फेडीची. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर बँक त्यासाठी दंड लावू शकत नाही, फिक्स्डवर बऱ्याच ठिकाणी लागतो. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, तेव्हा वरच्या दरात अडकलेल्यांना बाहेर पडायलाही पैसे मोजावे लागणार होते.

ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर रीसेट होताना बँकेने हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय द्यायचा असतो. फिक्स्डवर जाण्याचा पर्यायही तेव्हा सक्तीचा होता, ऑक्टोबर २०२५ पासून तो देणं बँकेच्या मर्जीवर आहे. मिळाला तरी त्यासाठीचं शुल्क आणि नवा दर आधी लेखी मागा.

गाडीच्या किंवा पर्सनल लोनला मात्र तीन-पाच वर्षांसाठी फिक्स्डच बरं. तिथे धोका वेगळा: 'फ्लॅट' दर, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. ५ लाख, ५ वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज १,७५,००० आणि हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीवर हाच दर साडेबारा टक्के पडतो. एजंट काहीही सांगो, कर्जाच्या मुख्य अटी सांगणाऱ्या 'की फॅक्ट्स स्टेटमेंट'मधला वार्षिक टक्केवारी दर बघा, त्यात प्रोसेसिंग फीसुद्धा धरलेली असते.

एफडीत आपण सावकार असतो, तेव्हा गणित उलटं. दर उतरणीला लागले की लांब मुदत पकडावी, पण सगळी रक्कम एकाच पावतीत नको. ५ लाखांच्या एकेक लाखाच्या पाच पावत्या केल्या तर अडीनडीला एकच मोडावी लागते. बाकी चार ठरल्या दराने चालू राहतात.